खेळयंत्रांची तारबद्ध व बिनतारी जोडणी

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या संगणकीय खेळयंत्रास ‘कन्सोल’ म्हणतात. वेगवेगळ्या गावी बसलेल्या खेळाडूंची अशी यंत्रे इंटरनेटद्वारा एकत्र येतात. ती तारेने जोडावी की बिनतारी लहरींनी, हा वाद नव्या पिढीचा वाटला, तरी पुणे जिल्ह्याला तो नवा नाही.

मावळ तालुक्यातील नवलाख उंबरे हे गाव तळेगाव दाभाड्याच्या उत्तरेस, मुंबई–पुणे मार्गापासून जवळच वसले आहे. मुंबईहून पुण्याकडे जाणारी तारायंत्राची तार एकोणिसाव्या शतकातच घाट चढून मावळात आली. १८७० मध्ये मुंबई एडन–सुएझमार्गे सागरी तारेने इंग्लंडशी जोडली गेली. पुढे १९२७ मध्ये खडकी येथून प्रेषण व दौंड येथे ग्रहण करणारी, मार्कोनी पद्धतीची लघुलहरींची झोतसेवा सुरू झाली. तिचे दर कमी असल्याने तार कंपन्यांचा व्यवसाय घटला. १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये व १९३२ मध्ये भारतात हे दोन्ही उद्योग एकत्र करावे लागले. बिनतारीचा हा विजय मुख्यतः स्वस्ताईचा होता. आयनांबरातील फेरफारांमुळे तिचे संदेश क्षीण होत. लहरी या शब्दाचे दोन्ही अर्थ तिला लागू पडत.

जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. भूस्थिर उपग्रह सु. ३५,८०० किमी. उंचीवर असल्याने प्रश्न जाऊन उत्तर येण्यास सु. अर्धा सेकंद लागे. संभाषणात हा विलंब खटके, पण चालून जाई. खेळात तो चालत नाही. १९९० नंतरच्या दशकात मुंबईस आलेल्या प्रकाशतंतूंच्या सागरी तारांनी बाजी पुन्हा तारेकडे फिरवली. तंतूतून प्रकाश सेकंदास सु. २ लाख किमी. जातो.

खेळ चालू असताना देवघेव होणारी माहिती थोडी असते. सेकंदास काही शे किलोबिट पुष्कळदा पुरतात. म्हणून जाहिरातीतील ‘वेगा’चे मोठाले आकडे खेळाडूस फसवे ठरतात. महत्त्व असते ते विलंबाला, आणि त्याहूनही विलंबाच्या एकसारखेपणाला. सेकंदास ६० चित्रे दाखविणाऱ्या खेळात एक चित्र सु. १७ मिलिसेकंद टिकते. माहितीची पुडकी उशिरा आली, तर प्रतिस्पर्धी पडद्यावर जागच्या जागी थिजतो व मग एकदम दुसरीकडे दिसतो. तोवर नेम चुकलेला असतो. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-क्रीडेस बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. त्यामुळे हा केवळ करमणुकीचा प्रश्न उरलेला नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे परिसरात व ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत मोठी विदा केंद्रे उघडल्यावर खेळाचे सेवासंगणक मावळापासून थोड्या अंतरावर ठेवणे शक्य झाले. इतक्या अंतरास प्रकाशाला एखादा मिलिसेकंद पुरतो. मग घरातील शेवटचे दहा-पंधरा मीटर निर्णायक ठरू लागतात.

घरातील तारबद्ध जोडणी ‘ईथरनेट’ पद्धतीची असते. गंमत अशी, की १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडलेली ही पद्धती हवाई विद्यापीठाच्या ‘अलोहा’ या बिनतारी जाळ्यावरून सुचली होती. आरंभी एकाच तारेवर अनेक यंत्रांचे संदेश आदळत. पुढे प्रत्येक यंत्रास स्वतंत्र तार मिळाली व एकाच वेळी बोलणे आणि ऐकणे शक्य झाले. वाय-फायमध्ये मात्र आजही यंत्र आधी कानोसा घेते, वाट मोकळी नसेल तर थांबते व पोच न आल्यास संदेश पुन्हा पाठविते. सरासरी विलंब अल्प असला, तरी मधूनच तो अनेकपट वाढतो. २.४ गिगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांची यंत्रे, ब्लूटूथ व सूक्ष्मतरंग भट्टीही वावरतात. ५ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा मोकळा असतो, पण जाड दगडी भिंतीपलीकडे त्याचा जोर लवकर ओसरतो.

निर्मात्यांचेही मत स्थिर राहिले नाही. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तारेची खोबण होती, वाय-फाय वेगळे घ्यावे लागे. २००६ च्या निन्टेंडो वीमध्ये नेमके उलट होते. २०१७ च्या स्विचच्या बैठकीस तारेची खोबण नव्हती. २०२१ च्या सुधारित बैठकीस ती देण्यात आली.

भारतात जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची तांब्याच्या दूरध्वनी तारांवरील ब्रॉडबँड सेवा सुरू झाली व त्याच महिन्यात २.४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त झाला. दोन्ही वाटा अशा एकदमच उघडल्या. मावळच्या मुसळधार पावसात खांबांवरून नेलेल्या तारा तुटण्याचे भय असते. २०२३ मध्ये पुण्यासह काही शहरांत आलेली पाचव्या पिढीची ‘एअरफायबर’ सेवा घरापर्यंत तार न आणता छतावरील ग्राहकापर्यंत लहरी पोहोचविते. तेथून खाली खोलीतील रूटरपर्यंत मात्र तारच उतरते, आणि खेळयंत्रही त्या रूटरला तारेने जोडता येते.