ताहाराबादच्या कुलकर्ण्याची लेखणी

अठराव्या शतकातील महाराष्ट्राच्या गावगाड्यात लेखणी ही प्रथमतः अंमलाची वस्तू होती. कोणाच्या नावे किती जमीन, लावणी किती झाली, वसूल किती आला आणि बाकी किती राहिली, याचा निर्णय कुलकर्ण्याच्या दप्तरावरून व्हावयाचा. आणि वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे त्याच दप्तराचा दाखला काढावा लागावयाचा. अशा एका कुलकर्णी घराण्यात, आजच्या राहुरी तालुक्यातील ताहाराबाद येथे, १७१५ च्या सुमारास महिपतींचा जन्म झाला, आणि जो हात गावचा हिशेब लिहीत होता त्यानेच पुढे संतांची चरित्रे ओवीबद्ध केली.

हे स्थित्यंतर कसे घडले याविषयी परंपरेने एक आख्यायिका जतन केली आहे. महिपती देवपूजेत असता जहागीरदाराचा शिपाई कचेरीत तत्काळ हजर होण्याचा हुकूम घेऊन आला, आणि पूजा आटोपून येतो असे सांगताच त्याने उर्मटपणाची भाषा वापरली. महिपती गेले, काम उरकून परतले, आणि ही लेखणी यापुढे मनुष्याच्या चाकरीत झिजवावयाची नाही, ती विठ्ठलाच्या व त्याच्या भक्तांच्या सेवेस वाहिली, अशी प्रतिज्ञा त्यांनी केली.

तथापि भक्ताच्या मनात उमाळा असला तरी ग्रंथरचनेचा अधिकार आपणास आहे की नाही, ही शंका उरतेच. तुकोबांना नामदेवांनी स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, अशी वारकरी संप्रदायाची धारणा आहे. आणि १६५० मध्ये वैकुंठवासी झालेल्या त्याच तुकोबांचा स्वप्नानुग्रह आपणास लाभला, अशी महिपतींची श्रद्धा होती. प्रतिभा ही स्वतःची मिरास न मानता वडिलांकडून चालत आलेली सेवा मानणाऱ्या या परंपरेत कवीला अहंकाराचे कारण उरत नसे, आणि संकोचाचेही उरत नसे.

म्हणूनच ‘भक्तविजया’त महिपती आपल्या मुखाने रुक्मिणीकांतच बोलतो असे मानतात, आणि त्याबरोबरच उत्तरेकडील नाभाजी व मराठीतील उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांचा आधार आपण घेतला, हेही निःसंकोचपणे नमूद करतात. बोलविता धनी पांडुरंग असताना आधार सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आधुनिक वाचकास पडेल. परंतु दाखल्यावाचून लिहू नये हा कुलकर्ण्याचा संस्कार, आणि संतांविषयी पदरचे काही सांगू नये ही भक्ताची मर्यादा, या दोहोंचा येथे सहज मेळ पडला आहे. चाकरी सुटली, तिची शिस्त मात्र सुटली नाही.

या शिस्तीचे फळ विपुल आहे. पानिपताच्या दुसऱ्याच वर्षी, शके १६८४ म्हणजे १७६२ मध्ये, सिद्धीस गेलेल्या ‘भक्तविजया’च्या ५७ अध्यायांत ज्ञानदेव-नामदेवांच्या पंक्तीस कबीर, नरसी मेहता आणि मीराबाई येऊन बसतात. १७७४ च्या ‘भक्तलीलामृता’त ५१ अध्यायांपैकी १२ एकनाथांना आणि १६ तुकोबांना दिले आहेत, म्हणजे निम्म्याहून अधिक ग्रंथ या दोघांचाच झाला आहे, आणि ज्यांचा अनुग्रह मानला त्यांच्यापाशी लेखणी अधिक रेंगाळली, हे स्वाभाविकच होय. विसाव्या शतकात जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने ही चरित्रे इंग्रजीत आणली, तेव्हा एका धर्माच्या श्रद्धावंताने दुसऱ्या धर्माच्या श्रद्धावंताचे ऋण मानल्यासारखेच झाले.

कालक्रमाच्या कसोटीवर महिपतींची अनेक विधाने टिकत नाहीत, आणि चमत्कार त्यांनी चरित्राइतक्याच निःशंकपणे नोंदविले आहेत, हा इतिहाससंशोधकांचा आक्षेप यथार्थ आहे. परंतु ‘ईश्वर बोलवितो’ या भावनेने लिहिणारा मनुष्य श्रमाला चुकवितो, हा समज त्यांच्यापुरता तरी खोटा ठरतो: १७९० मध्ये देह ठेवीपर्यंत ते लिहीत राहिले, त्यांचा ‘संतविजय’ अपुराच राहिला, आणि कीर्तनकारांच्या उत्तररंगाला आख्यानांचा तोटा पडला नाही.