ईस्ट नदीच्या तळाखाली

मे १८७२, न्यूयॉर्क. ब्रुकलिन पुलाच्या मॅनहॅटनकडच्या मनोऱ्याचा पाया खणला जातोय आणि तुम्ही त्या पायातच उभे आहात, पाण्याच्या पातळीखाली ७० फुटांहून खोल. पायाखाली ओली वाळू. डोक्यावर जाडजूड लाकडांचं छत आणि त्या छतावर रोज चढत जाणारं दगडी बांधकाम. याला कॅसन म्हणतात: तळ नसलेली, नदीत पालथी घातलेली अवाढव्य पेटी. नदीचं पाणी आत घुसू नये म्हणून वरून पंपाने सतत हवा कोंबतात. जितकं खोल जावं तितका दाब वाढवावा लागतो. आज तो बाहेरच्या हवेच्या साधारण सव्वातीन पट आहे.

शिट्टी वाजवून बघा, वाजत नाही. मेणबत्ती फुंकलीत तर विझलेली ज्योत पुन्हा धरते. शेजारी फावडं मारणारा धिप्पाड आयरिश गडी बोलतो तेव्हा त्याचा आवाज पोरासारखा बारीक निघतो. खाली येताना कान दुखले तेवढेच. आता काहीही दुखत नाही. म्हणूनच तर कुणाला संशय येत नाही.

पण तुम्ही श्वास घेताय. हवेचा जवळजवळ चार-पंचमांश भाग नायट्रोजन आहे आणि शरीराला त्याचा काही उपयोग नाही. ऑक्सिजन खर्ची पडतो, नायट्रोजन नुसता विरघळत राहतो. दाब जेवढा अधिक, तेवढा वायू द्रवात अधिक मुरतो. फुप्फुसातून रक्तात, रक्तातून सगळीकडे. जिथे रक्त भरभरून वाहतं तिथे काही मिनिटांतच तो शिगेला पोहोचतो. सांध्यांभोवतीच्या ऊतींना मात्र फार वेळ लागतो. चरबी तर रक्ताच्या सुमारे पाचपट नायट्रोजन पोटात घेते, आणि मज्जारज्जूतही चरबीयुक्त भाग मोठा आहे.

दोन तासांची पाळी संपते. ज्या एअर-लॉकमधून खाली उतरलात, त्याच्या लोखंडी कोठडीत तुम्ही पुन्हा येता. झडप उघडते, हवा सूं सूं करत बाहेर पळते, कोठडीत एकदम धुकं दाटतं आणि घामेजलं अंग गारठतं. सगळ्यांना बाहेर पडायची घाई. काही मिनिटांत दार उघडतं. इथे थांबा, कारण सगळा घात याच काही मिनिटांत झालाय. मुरायला दोन तास मिळालेल्या वायूला निघायला ही एवढीशी सवड. फुप्फुसांतून नायट्रोजन बाहेर पडतोय, पण ऊतींत अजून कितीतरी शिल्लक आहे. त्याला दाबून धरणारा दाब मात्र केव्हाच सरला.

तरी बुडबुडा सहजासहजी जन्मत नाही. अगदी इवल्याशा बुडबुड्याला पृष्ठताणच चिरडून टाकतो. त्याला आधीपासूनची एखादी जागा लागते. चहाचं आधण ठेवल्यावर बुडबुडे पातेल्याच्या तळाशी ठरावीक ठिकाणांहूनच उठतात ना, तसं. शरीरातही वायूचे सूक्ष्म अंकुर असावेत, असं आजचे शास्त्रज्ञ मानतात. हालचालीत सांध्यांचे पृष्ठभाग एकमेकांपासून ओढले जातात तेव्हा क्षणभर तिथला दाब घसरतो, आणि नवा अंकुर फुटायला तेवढं पुरतं. अंकुराने ठरावीक आकार ओलांडला की आजूबाजूचा नायट्रोजन त्यात शिरू लागतो. तो फुगतच जातो.

तुम्ही घराच्या वाटेवर आहात. गुडघ्यात आतून कुणी पकडीने हाड पिळावं तशी कळ येते. शिरांतले बुडबुडे एव्हाना फुप्फुसांकडे निघालेत. थोडे असले तर फुप्फुसं गाळून टाकतात. फार झाले तर दम कोंडतो. शिवाय बुडबुडा म्हणजे नुसती पोकळ अडचण नव्हे. रक्ताला त्याचा पृष्ठभाग परका वाटतो, बिंबाणू चिकटतात, गाठी धरू लागतात. मज्जारज्जूत हे घडलं की कमरेखालचे पाय आपले राहत नाहीत.

कामावरचे डॉक्टर अँड्र्यू स्मिथ तळमळीने नोंदी ठेवताहेत. उपचार लागलेले ११० रुग्ण त्यांनी नोंदवले. दाब हळूहळू उतरवा, असं ते बजावतात, पण खरं कारण त्यांच्या हाती लागलेलं नाही. दाबामुळे रक्त आतल्या अवयवांत लोटलं जातं, असं त्यांना वाटतं. या माणसांना दिवसाकाठी तीन डॉलरहूनही कमी मिळतात. वर यायला आणखी तासभर दिला असता तर किती जण धड चालत घरी गेले असते, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंगही या दुखण्यातून सुटला नाही.

क्षणभर मागे चला, १६७०च्या सुमाराला. इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉईल एका विषारी सापाला काचेच्या भांड्यात ठेवून पंपाने हवा काढतोय. वाका, सापाचा डोळा बघा. डोळ्यातल्या पाण्यात एक बुडबुडा इकडून तिकडे सरकतोय. उत्तर डोळ्यांत दिसलं होतं, पण ते पायाच्या खड्ड्यापर्यंत पोहोचलंच नाही. बुडबुडे नायट्रोजनचे, हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ साली दाखवून दिलं. टप्प्याटप्प्याने वर येण्याचं कोष्टक जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली मांडलं.

आता १८९०. हडसन नदीखालच्या बोगद्यावर अभियंते अर्नेस्ट मॉइर यांनी आजाऱ्यावर पुन्हा दाब चढवण्यासाठी एक लोखंडी नळकांडं बसवलंय. अशाच कोठीची कल्पना स्मिथ यांनी मांडली होती. तुमचा दुखरा गुडघा घेऊन आत झोपा. दाब चढतो आणि कळ ओसरू लागते. दाब तिप्पट झाला की बुडबुड्याचं आकारमान तिसऱ्या हिश्श्यावर येतं, व्यास मात्र जेमतेम तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून नुसतं दाबून भागत नाही, वायूला विरघळून निघून जायला वेळ द्यावा लागतो. आज त्या वेळात रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन देतात, म्हणजे नायट्रोजन लवकर सुटतो. ही कोठी येण्याआधी त्या बोगद्यात ४५-५० माणसांतला महिन्याला एक जण मरत होता. कोठी आल्यावर १५ महिन्यांत सुमारे १२० माणसांमागे दोन मृत्यू झाले.