दिलेल्या मुलाची परतीची वाट

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या काशीराव गायकवाडांचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळ १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला. इंग्रजांनी तिथले महाराज मल्हाररावांना नुकतंच गादीवरून काढलं होतं आणि त्यांच्याआधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घेण्याची मुभा मिळाली होती. २७ मे रोजी विधी झाला आणि गोपाळचा सयाजीराव झाला. त्या क्षणी, धर्मशास्त्राच्या लेखी, काशीराव त्याचे वडील उरले नाहीत. प्रत्यक्षातली माया अर्थातच आटली नाही. सयाजीरावांचे भाऊ संपतराव बडोद्यातच वाढले, शिकले. पण वर्षभराने काशीरावांच्या मनात ‘पोरगा परत न्यावा’ असं आलं असतं, तर ते सांगायला त्यांच्यापुढे ना पंचायत होती ना न्यायालय.

दत्तविधानाचा गाभाच ‘देण्या’त आहे. आईवडिलांनी मूल द्यायचं, समोरच्यांनी ते स्वीकारायचं, मग होम. दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदात्याचं गोत्रही मिळत नाही आणि संपत्तीही, हे मनुस्मृतीने सांगून ठेवलं होतं. काशीच्या नंद पंडितांच्या ‘दत्तकमीमांसे’ने त्याभोवती बारीकसारीक नियमांचं कुंपण घातलं. मुलगा दिला की जन्मघराचा वंश खुंटेल याची धास्ती शास्त्रकारांनाही होती. म्हणून तर वसिष्ठांनी बजावलं की एकुलता एक मुलगा देऊ नये. हा निर्बंधही पुढे टिकला नाही. १८९९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं की असा निषेध हा केवळ उपदेश आहे, एकुलता मुलगा दिला तरी दत्तक कायदेशीरच.

शास्त्रात एक अर्धी उघडी खिडकी मात्र होती, द्व्यामुष्यायणाची. देतानाच करार करायचा की मुलगा दोघांचा: दोन्ही बापांना पिंड देईल, दोन्ही घरी वारसा घेईल. बहुधा सख्ख्या भावाला मुलगा देताना हा मार्ग धरत. पण हा करार देण्याच्या वेळीच व्हायला हवा. मागाहून पश्चात्ताप झालेल्या बापाला त्याचा काही उपयोग नव्हता.

मुंबई इलाख्यात तर आणखी विचित्र प्रसंग उद्भवे. इथल्या रूढीने लग्न झालेला, मुलंबाळं असलेला पुरुषही दत्तक जाऊ शकत असे. मग त्याच्या आधीच्या मुलाचं काय? १९०९ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की बाप दत्तक गेला तरी आधी जन्मलेला मुलगा जुन्याच घराण्यात राहतो. म्हणजे बापाचं गोत्र एक, पोटच्या पोराचं दुसरं. वतन, इनाम, शेती कुणाची हा प्रश्न सुटावा म्हणून माणसांची नाती अशी कापली गेली. परतीची वाट बंद ठेवण्यामागचं खरं कारण इस्टेटीची निश्चिती हे होतं. आज मुलगा या घरचा आणि उद्या त्या घरचा, असं चाललं असतं तर सातबाऱ्यावर कुणाचं नाव लावायचं?

ज्या बायकांकडे सातबारा नव्हता, त्यांची गोष्ट निराळी. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे गुपचूप बाळंत व्हावं आणि मूल सोबत न्यायचं की ठेवून जायचं ते स्वतः ठरवावं, अशी त्यांची भूमिका होती. १८८४पर्यंत पस्तीस विधवा तिथे बाळंत झाल्याचं जोतीरावांनी लिहून ठेवलं आहे. यशवंत हा त्यांचा दत्तक मुलगाही अशाच एका विधवेच्या पोटचा. १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात असाच आश्रम सुरू केला. मूल देण्याचा निर्णय आईचा असतो, ही साधी गोष्ट कायद्याच्या कितीतरी आधी या घरांनी मान्य केली, आणि महाराष्ट्राला याचा खरोखर अभिमान वाटायला हवा.

स्वातंत्र्यानंतर १९५६चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला. मुलगी दत्तक घेता येऊ लागली, स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येऊ लागलं. दार मात्र तसंच बंद राहिलं. कलम १५ स्पष्ट आहे: वैध दत्तक कुणालाच रद्द करता येत नाही, आणि मूलही दत्तक घर नाकारून जन्मघरी परतू शकत नाही. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी जोडप्यांना हा कायदा लागू नव्हता. ती १८९०च्या कायद्याखाली केवळ पालक म्हणून नेमली जात. ही नेमणूक न्यायालय काढूनही घेऊ शके. मुलाच्या डोक्यावरचं छप्पर त्यामुळे कच्चं राहिलं.

बदल झाला तो देण्याच्या आधीच्या टप्प्यात. परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावर १९८४ मध्ये न्या. भगवतींनी जो निकाल दिला, त्यात जन्मदात्या आईला विचार करायला पुरेसा वेळ मिळालाच पाहिजे असं बजावलं. पुढे २०००च्या बालन्याय कायद्यात दोन महिन्यांची फेरविचाराची मुदत आली आणि २०१५च्या कायद्याच्या कलम ३५मध्ये ती कायम राहिली. आई बालकल्याण समितीपुढे सही करते, त्याआधी तिचं समुपदेशन व्हावं लागतं, आणि साठ दिवसांत ती मन बदलू शकते. ती अविवाहित असेल, तर तिची एकटीची सही पुरते.

साठ दिवस. शास्त्रांच्या काळात यातला एक दिवसही नव्हता, म्हणून हा आकडा मोठा वाटतो. पण घरच्यांनी दार लावलेली, खोली नाही, कमाई नाही अशी एकोणीस वर्षांची मुलगी या मुदतीत काय करणार? तिला बाळासकट राहायला जागा आणि हाताला काम देणारं कुणी भेटलं, तरच फेरविचाराला अर्थ आहे. नाहीतर ती मुदत नुसती कागदावर संपते.

आणि सहीच खरी नसेल तर? केरळमध्ये २०२१ साली हा प्रश्न उभा राहिला. आपल्या संमतीशिवाय कुटुंबीयांनी बाळ सोपवलं, असा आरोप एका तरुण आईने केला. तोवर बाळ आंध्रातल्या एका जोडप्याकडे दत्तकपूर्व संगोपनासाठी गेलं होतं. तिने आंदोलन केलं, डीएनए चाचणी झाली आणि नोव्हेंबरमध्ये तिरुवनंतपुरमच्या कुटुंब न्यायालयाने बाळ आईच्या स्वाधीन केलं. दत्तकाचा अंतिम आदेश निघाला नव्हता म्हणून हे शक्य झालं. ज्या जोडप्याने काही महिने ते बाळ सांभाळलं, त्यांच्या घराचाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

अमेरिकेत वेगळाच पेच उभा राहिला. १९९७च्या केंद्रीय कायद्याने मागच्या बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने सरकारी ताब्यात राहिलेल्या मुलांच्या आईवडिलांचे हक्क संपवण्यासाठी राज्यांनी न्यायालयात जावं असं सांगितलं. हक्क संपले, पण अनेकांना दत्तक घ्यायला कुणी आलंच नाही. जुने आईबाप कायद्याने नाहीत, नवे मिळाले नाहीत. म्हणून २००५ मध्ये कॅलिफोर्नियाने वाट काढली: तीन वर्षांत दत्तक न गेलेलं मूल स्वतः न्यायालयाकडे आईवडिलांचे हक्क परत मागू शकतं. पुढे इतर अनेक राज्यांनी असे कायदे केले. तिथेही दत्तक पार पडलेलं असेल, तर हा मार्ग नाही.

भारतात दत्तक पूर्ण झाल्यावर उरतो तो फक्त मूळ शोधण्याचा हक्क, आणि तो मुलाच्या बाजूने आहे. अठरा वर्षं झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी दत्तक आईवडिलांसोबत. आईने मूल देताना आपली ओळख उघड करू नये असं सांगितलं असेल, तर आधी तिची संमती घेतली जाते. तिचा होकार आला, तरी त्यातून भेट घडते, पालकत्व परत मिळत नाही.