पहिल्या प्रहराचे धनी

३० जुलै ही तारीख महाराष्ट्राच्या इतिहासांत दोन वेळां काळ्या अक्षरांनीं लिहिली गेली आहे. १९९१ सालीं त्या दिवशीं नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यांतील मोवाड गांवांत वर्धा नदीचें पाणी शिरलें आणि २०४ माणसें दगावलीं. पुढें २०१४ सालीं त्याच तारखेस पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर डोंगराचा कडा उतरला व १५१ जीव मातीखालीं गेले. एके ठिकाणीं पाणी, दुसरे ठिकाणीं माती. परंतु दोन्ही हकीकती वाचतांना एकच प्रश्न आमच्या मनांत उभा राहतो. संकट कोसळल्यापासून सरकारी साह्य येऊन पोंचेपर्यंतचा जो पहिला प्रहर, त्याचा धनी कोण?

आम्हां नागपूरकरांस हा प्रश्न टोंचावा यास विशेष कारण आहे. संकटनिवारणाचें शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था १९५७ च्या एप्रिलांत आमच्याच शहरीं निघाली. १९६८ सालीं तिला राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय हें नांव मिळालें. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही १९५७ सालींच रामपूर सोडून येथें आलें. म्हणजे मोवाड बुडालें तेव्हां ही विद्या नागपुरांत नांदूं लागून चौतीस वर्षें झालीं होतीं. यांत त्या संस्थांचा दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. शेजारीं विद्यापीठ असल्यानें खेडें आपोआप साक्षर होत नाहीं, तद्वतच हेंही. सातपुड्यांतला पाऊस घेऊन उतरणारी नदी कोणासाठीं थांबत नाहीं. २००५ च्या कायद्यानें देशास आपत्तिनिवारणाचें राष्ट्रीय दल दिलें, हें मोठेंच कार्य झालें. तथापि दल बाहेरून येतें, आणि पहिला प्रहर गांवांतच उलटून जातो.

युरोपांत या प्रश्नाचें उत्तर शोकांतून निघालें. १८९६ च्या मार्चांत ऑस्ट्रियाच्या राक्स पर्वतावर हिमाचा लोंढा कोसळून तीन गिर्यारोहक मरण पावले. तेव्हां व्हिएन्नांतील गिर्यारोहकांनीं त्याच वर्षीं आपलें स्वतःचें मदतपथक उभारलें. डोंगर ज्यांस ठाऊक, त्यांनींच डोंगरांत हरवलेल्यांस शोधावें, हा त्यामागील साधा न्याय होय.

हाच न्याय सह्याद्रींतील भटक्या तरुणांनीं आपल्याकडे आचरणांत आणला. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वरचे ट्रेकर्स, खोपोलीचे यशवंती हायकर्स हीं नांवें आतां घाटावर व कोंकणांत सर्वतोमुखी आहेत. या मंडळींस कोणी पगार देत नाहीं. निरोप येतांच हातचें काम टाकून, दोर व झोळी घेऊन निघावयाचें, हीच त्यांची रीत. २८ जुलै १९१८ नव्हे, अगदीं अलीकडची, २०१८ सालची ही गोष्ट : दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटांत खोल दरींत गेली. एकच गृहस्थ वांचला; तोच कडा चढून वर आला व त्यानें वर्तमान सांगितलें. बाकीचे तीस गेले. पावसांत व धुक्यांत दोरांवरून उतरून त्यांचे देह वर आणण्याच्या कामीं हेच स्वयंसेवक पुढें होते.

येथें कोणी विचारील कीं, मेलेल्यांसाठीं जिवंतांनीं प्राण कां पणास लावावे? आम्हांसही प्रथम हा प्रश्न पडला होता. परंतु १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांतील इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हां त्याचें उत्तर मिळालें. तेथें गाडीरस्ता नव्हता, यंत्रें चढेनात, सर्व काम हातांनीं करावें लागलें. २७ प्रेतें सांपडलीं. ५७ माणसें बेपत्ता ठरवून २३ तारखेस शोध थांबविण्यांत आला. ज्यांचीं माणसें सांपडलीं त्यांस निदान शेवटची आंघोळ घालतां आली. उरलेल्यांच्या आप्तांस तेवढेंही लाभलें नाहीं. शोधाचें मोल या दोहोंमधील अंतरावरून जाणावें.

मात्र नुसत्या उत्साहाची भलावण आम्ही करीत नाहीं. इरशाळवाडीची चढण चढतांना एका अनुभवी अग्निशमन अधिकाऱ्याचा प्राण गेला. मग अशिक्षित गर्दीची कथा काय? पोहतां न येणारा धांवला तर एकाच्या जागीं दोघे बुडतात. सह्याद्रीच्या मंडळींचें यश धाडसांत जितकें, तितकेंच सरावांत व शिस्तींत आहे.

सह्याद्रीची तत्परता आणि नागपूरची विद्या यांची गांठ विदर्भाच्या नदीकांठीं पडली पाहिजे. वर्धेच्या व वैनगंगेच्या तीरावरील प्रत्येक मोठ्या गांवीं दहाबारा तरुण दोर, नाव व प्रथमोपचार यांत तयार असावे, आणि आमच्या महाविद्यालयांतील मुलांनीं सुटींत त्यांच्यासह शिकावें, एवढीच आमची सूचना आहे. पहिल्या प्रहराचा धनी शेजारीच असतो. तो रिकाम्या हातीं उभा राहूं नये, एवढें करणें आपल्या हातीं आहे.