धातू आणि कार्बन यांच्यातील दुहेरी बंध

दोन कार्बन अणूंमधला दुहेरी बंध शाळेतच शिकवला जातो. असा बंध कार्बन आणि टंगस्टनसारख्या धातूमध्येही असतो. म्युनिकमध्ये अर्न्स्ट ओटो फिशर यांनी १९६४ मध्ये तो दाखवला. १९७३ मध्ये तिहेरी बंधही मिळवला.

उपयोग काय? फ्रान्सच्या इव्ह शोव्हाँ यांनी १९७१ मध्ये ते उलगडले. धातू-कार्बन जोडी दुसऱ्या रेणूतल्या कार्बन-कार्बन जोडीला भिडते. चार अणूंचे कडे बनते. ते तुटताना जोड्या बदललेल्या असतात. ही अदलाबदल म्हणजे मेटाथेसिस.

अमेरिकेतील रिचर्ड श्रॉक यांनी मोलिब्डेनमचे, तर रॉबर्ट ग्रब्ज यांनी हवेतही टिकणारे रुथेनियमचे उत्प्रेरक घडवले. त्यामुळे औषधे, प्लास्टिक कमी टप्प्यांत, कमी कचरा करून बनवता येतात. शोव्हाँ, श्रॉक, ग्रब्ज यांना २००५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.