घरगुती सौरसंच : आधी वापर मोजा, मग खरेदी करा

शेतातील वस्तीवर किंवा पाड्यावर वीजजोडणी नसल्यास लहान स्वतंत्र सौरसंच उपयोगी पडतो. पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि १२ व्होल्ट डीसीवर चालणारे दिवे, पंखा हे त्याचे भाग. खर्च मुख्यतः पॅनेल व बॅटरीच्या क्षमतेवर ठरतो. त्यामुळे खरेदीपूर्वी रोजचा वापर मोजावा.

रोजचा वापर (वॅट × तास)
• ५ वॅटचे ३ एलईडी दिवे, ५ तास : ७५ वॅट-तास
• २ मोबाईल चार्जिंग : सुमारे ४० वॅट-तास
• २० वॅटचा डीसी पंखा, ६ तास : १२० वॅट-तास
• एकूण : २३५ वॅट-तास

पॅनेल व बॅटरी
दिवसाला साडेचार तास पूर्ण ऊन आणि ३० टक्के घट धरल्यास यासाठी ७५ वॅटचे पॅनेल लागते. एका रात्रीसाठी १२.८ व्होल्टची सुमारे २५ अँपिअर-तास लिथियम फॉस्फेट बॅटरी किंवा १२ व्होल्टची ४० अँपिअर-तास लेड-अॅसिड बॅटरी पुरते. ढगाळ दिवसासाठी राखीव हवी असल्यास बॅटरी दुप्पट घ्यावी. पंखा वगळल्यास ४० वॅटचे पॅनेल आणि निम्मी बॅटरी पुरते. ऐपत कमी असल्यास आधी दिवे व मोबाईलपुरता संच घ्यावा. जुना ७५ वॅटचा पंखा सहा तासांत ४५० वॅट-तास खातो. तो या संचावर चालवू नये.

काळजी
• पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे २० अंश कलवून, सावली पडणार नाही असे बसवावे. धूळ सकाळी पाण्याने धुवावी.
• कंट्रोलर वगळून बॅटरीवरून थेट जोडणी घेऊ नये. बॅटरी पूर्ण उतरत राहिल्यास लवकर निकामी होते.
• बॅटरीजवळ फ्यूज बसवावा. पाण्याच्या लेड-अॅसिड बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर भरावे.
• पॅनेल २० वर्षांहून अधिक टिकते, बॅटरी त्याआधीच बदलावी लागते. त्यासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवावी. पॅनेल व बॅटरीचे वॉरंटी कार्ड, पक्के बिल जपावे.

अनुदानाबाबत
फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान (२ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये) वीजजोडणी असलेल्या घराच्या छतावरील, ग्रीडला जोडलेल्या संचासाठी आहे. बॅटरी नसलेला असा संच वीज गेल्यावर बंद पडतो. जोडणी नसलेल्या वस्तीवरील स्वतंत्र संचाला या योजनेचे अनुदान मिळेल असे कोणी सांगितल्यास आगाऊ रक्कम देऊ नये.