मुंबईचा धूर आणि मावळचें पाणी



खोपोली गांवांत उभें राहून सह्याद्रीकडे पाहिलें म्हणजे कड्याच्या अंगावरून सरळ खालीं उतरत आलेले पोलादी नळ दृष्टीस पडतात. बोरघाटानें जाणारे-येणारे असंख्य प्रवासी ते पाहतात आणि पुढच्या वळणावर विसरूनहि जातात. परंतु कोळशावांचून वीज कशी निर्माण करावी, हा जो प्रश्न आज सर्व जगापुढें उभा आहे, त्याचें एक उत्तर आपल्या प्रांतानें शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं याच ठिकाणीं देऊन पाहिलें होतें. त्या उत्तरानें काय साधलें, त्याची किंमत कोणी दिली आणि तें अपुरें कां पडलें, हें आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांची कापसाची गिरणी इ. स. १८५६ मध्यें चालूं झाली आणि पुढील अर्ध्या शतकांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराड्यांचें रानच उगवलें. कापूस जवळ, बंदर जवळ, मजूर कोंकणांतून व घाटावरून आलेले; जवळ नव्हता तो फक्त कोळसा. तो बंगालच्या बाजूच्या खाणींतून हजार मैलांहून अधिक प्रवास करून यावयाचा, कांहीं आगगाडीनें, कांहीं कलकत्त्याहून आगबोटीनें; आणि कांहीं तर थेट विलायतेहून. म्हणजे गिरणीचें चाक फिरावयाचें तें परक्या खाणीच्या आणि परक्या गलबताच्या कृपेवर. त्यांतून उरणारी काजळी मात्र अस्सल मुंबईची. ती वाळत घातलेल्या धोतरांवर बसे, ताटांतल्या भातावर बसे आणि चाळींतल्या माणसांच्या फुप्फुसांतहि बसे. सरकारनें १९१२ सालीं धुराच्या उपद्रवाचा एक खास कायदा मुंबईसाठीं केला. पण कायदा फार तर धूर कमी करा असें सांगूं शकतो. दुसरें इंधन तो कोठून देणार?

दुसरें इंधन दर पावसाळ्यांत डोक्यावरून वाहून जात होतें. लोणावळ्याच्या परिसरांत चार महिन्यांत दीडशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. हें पाणी घाटमाथ्यावर अडवून कोंकणांत खालीं सोडलें तर त्याच्या वेगावर वीज निर्माण होईल, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग नांवाच्या मुंबईतील एका तज्ज्ञानें मांडली, आणि ती जमशेटजी टाटा यांच्या मनानें घेतली. स्वतः गिरणीमालक असल्यामुळें कोळशाचें बिल काय असतें हें त्यांना कोणी शिकवावयास नको होतें. १९०४ सालीं ते वारले. योजना कागदावरच राहिली होती. ती त्यांचे चिरंजीव दोराबजी यांनीं पुढें नेली. १९१० सालीं कंपनी स्थापन झाली, आणि तिचें भांडवल मुख्यतः याच देशांतील संस्थानिकांनीं व धनिकांनीं पुरविलें, ही गोष्ट त्या काळाच्या मानानें लहान नव्हे. ८ फेब्रुवारी १९११ रोजीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं कोनशिला बसविली, आणि बरोबर चार वर्षांनीं, ८ फेब्रुवारी १९१५ रोजीं, लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीचें वीजगृह सुरू झालें.

त्याची रचना सांगण्यासारखी आहे. लोणावळा, वळवण व शिरवटा अशीं तीन तळीं बांधून पावसाळ्याचें पाणी वर्षभर पुरेल असें साठविलें. तेथून तें कालव्यानें कड्यापर्यंत आणून नळांवाटे सुमारे १,७०० फूट खालीं सोडलें. पाण्याचा झोत खालच्या चक्रांच्या वाट्यांवर आदळे, चक्रें फिरत, वीज निघे, आणि ती सुमारे ४३ मैल दूर मुंबईस, एक लक्ष व्होल्टांच्या दाबानें, तारांवरून जाई. जें पाणी इंद्रायणी-भीमेच्या वाटेनें पूर्वसमुद्रास मिळावयाचें, त्यास माणसानें पश्चिमेची वाट दाखविली. ही एक ओळ ध्यानांत ठेवावी. तिचा हिशेब पुढें यावयाचा आहे.

प्रारंभीं गिरणीमालक कांकूं करीत होते. ज्यानें वाफेच्या इंजिनांत पैसा गुंतविला आहे, तो दुसऱ्याच्या तारेवर आपली गिरणी सहजासहजीं टांगून ठेवीत नाहीं. परंतु पहिल्या महायुद्धानें कोळसा महाग केला, आगबोटी मिळेनाशा केल्या, आणि जें व्याख्यानांनीं झालें नसतें तें टंचाईनें केलें. विजेची मागणी इतकी वाढली कीं १९२२ सालीं आंध्रा खोऱ्यांतील ठोकळवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचें दुसरें वीजगृह, आणि १९२७ सालीं भिऱ्याचें तिसरें वीजगृह चालूं झालें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला ही देशांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. मात्र त्याच रेल्वे कंपनीनें पुढें घाटांतील आपल्या गाड्यांसाठीं कल्याणजवळ ठाकुर्ली येथें स्वतःचें कोळशाचें वीजगृह उभारलें. इंजिनांतला धूर गेला आणि ठाकुर्लीच्या धुराड्यांत जाऊन बसला. धूर नाहींसा होणें आणि धूर दुसरीकडे जाणें यांत केवढें अंतर आहे, हें त्या वेळीं फारसें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. आजहि तें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

भिऱ्याचें वीजगृह ज्या पाण्यावर चालतें तें मुळशीचें. येथें मला जरा थांबलें पाहिजे, कारण आपल्या बहुतेक पुस्तकांतून वीजगृहांचा इतिहास एका प्रकरणांत आणि मुळशीचा सत्याग्रह दुसऱ्याच प्रकरणांत सांगितला जातो. वस्तुतः तो एकच इतिहास आहे.

मुळा व निळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधावयाचें ठरलें, तेव्हां वरच्या खोऱ्यांतील पन्नासाच्या आसपास गांवें व सुमारे अकरा हजार माणसें त्याच्या तावडींत सांपडलीं. हें खोरें आंबेमोहोर तांदळाबद्दल प्रसिद्ध होतें. येथील शेतकरी मावळे. शिवकालापासून याच डोंगरांत राहिलेले. १८९४ च्या भूमिसंपादनाच्या कायद्याचा आधार घेऊन सरकारनें एका खासगी कंपनीसाठीं त्यांच्या जमिनी घेण्यास मान्यता दिली. शेतकऱ्यांस धरणाची पहिली बातमी कळली ती कोणा अधिकाऱ्याच्या तोंडून नव्हे. उभ्या शेतांत परवानगीवांचून चर खणूं लागलेल्या माणसांना पाहून ती कळली. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या मुहूर्तावर, सुमारे बाराशें मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले व काम बंद पडलें. पांडुरंग महादेव बापट हे पारनेरचे; विलायतेंत राहून बाँबची विद्या शिकून आलेले. ते या लढ्याचे पुढारी झाले आणि येथेंच ‘सेनापति’ ही पदवी त्यांना कायमची चिकटली. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होते. महात्मा गांधींनीं ‘यंग इंडिया’मध्यें लिहिलें कीं एकाहि गरिबाच्या इच्छेविरुद्ध मिळविलेला लाभ टाटांनीं लाभ समजूं नये.

हा लढा कां हरला, याचें उत्तर केवळ सरकारच्या जुलमांत शोधणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. खोऱ्यांतील पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांच्या नांवावर किंवा त्यांच्याकडे गहाण पडलेली होती. कंपनीनें नुकसानभरपाईची रक्कम वाढविली, तसतसा सावकारांचा उत्साह मावळला. ज्याची शेती कागदावर आहे त्याला पैसा पुरतो. ज्याची शेती पायाखालीं आहे त्याला तो पुरत नाहीं. शहरांतील पुढाऱ्यांतहि फूट पडली. सत्याग्रही तुरुंगांत गेले, सुटले, पुन्हां गेले. १९२४ च्या डिसेंबरांत बापटांनीं शस्त्र हातीं घेऊन कंपनीच्या कामाची गाडी अडविली आणि त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. अहिंसेच्या दृष्टीनें तें कृत्य समर्थनीय नव्हतें, असें माझें मत आहे. पण तीन वर्षें कोणी ऐकून घेतलें नाहीं, हेंहि त्याबरोबर सांगितलें पाहिजे. पुढें तीन वर्षांनीं भिऱ्याचीं चक्रें फिरूं लागलीं. त्यांची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांस गेली. ज्यांच्या भातखाचरांवर पाणी चढलें होतें, त्यांच्या झोंपड्यांवरून त्या तारा जात नव्हत्या.

आतां दुसरी बाजू. घाटावरचें पाणी मुंबईस पुरलें काय? कांहीं काळ पुरलें. परंतु शहर वाढतें आणि तळें वाढत नाहीं. १९५६ सालीं ट्रॉम्बे येथें औष्णिक वीजगृह सुरू झालें आणि मुंबईच्या हद्दींत पुन्हां मोठें धुराडें उभें राहिलें. कोयनेचा प्रकल्प १९६२ पासून वीज देऊं लागला, त्यानें महाराष्ट्राची मोठीच सेवा केली. तेथेंहि गांवें उठलीं, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानें त्या खोऱ्यावर जो आघात केला तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे. आज खोपोली, भिवपुरी व भिरा हीं तीन केंद्रें मिळून ४४७ मेगावॅट वीज देऊं शकतात, आणि मुंबईची उन्हाळ्यांतील मागणी चार हजार मेगावॅटांच्या पुढें जाते. जें एके काळीं सबंध गिरणगांव फिरवीत होतें, तें आतां शहराच्या दशांशापुरतें उरलें.

सर्व देशाचें चित्रहि कांहींसें असेंच आहे. २०२१ सालीं ग्लासगो येथील परिषदेंत भारतानें २०७० पर्यंत कर्बउत्सर्जनाचा हिशेब शून्यावर आणण्याचें वचन दिलें. २०२५ च्या मध्यास वीजनिर्मितीच्या उभारलेल्या एकंदर क्षमतेपैकीं निम्मी क्षमता कोळसा, वायु व तेल यांखेरीज इतर साधनांची झाली, आणि ती ठरल्या मुदतीच्या पांच वर्षें आधीं झाली. हें यश थोडें नव्हे. परंतु क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. सूर्य सायंकाळीं मावळतो, वारा वाटेल तेव्हां पडतो, आणि कोळशाची भट्टी मात्र रात्रंदिवस पेटलेली असते. म्हणून प्रत्यक्ष वापरलेल्या विजेंत कोळशाचा वाटा त्याच वर्षीं सत्तर टक्क्यांहून अधिक होता. दिवसा उन्हाची वीज मुबलक आणि दिवेलागणीस, जेव्हां घरोघर दिवे व पंखे लागतात, तेव्हां तिची वाण, ही आजची खरी अडचण आहे. शेतकऱ्याच्या पंपास रात्रीऐवजीं दिवसा सूर्याची वीज देण्याची योजना महाराष्ट्रानें २०१७ पासून चालविली आहे. रात्रीं सापकिरडूंच्या भयांत पाणी पाजणाऱ्याच्या दृष्टीनें ती मोठी सोय, आणि मागणीच उन्हाच्या वेळेकडे सरकविण्याचा तो शहाणा मार्ग. पण शहराची संध्याकाळ अशी सरकवितां येत नाहीं.

दुसरी अडचण तारांची. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं बाहेरून मुंबईस येणारा पुरवठा तुटला, उपनगरी गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या, आणि शहर कांहीं तास स्तब्ध झालें. त्या वेळीं वीज परत आणण्यासाठीं ज्या यंत्रांस हांक मारण्यांत आली, त्यांत घाटाखालचीं हीं वृद्ध जलविद्युत्-यंत्रेंहि होतीं. पाण्याचा हा गुण सूर्यापाशीं नाहीं: झडप उघडली कीं थोड्याच अवकाशांत वीज.

याच गुणामुळें कालचक्र फिरून पुन्हां त्याच डोंगरांत आलें आहे. दिवसाच्या फाजील विजेनें पाणी खालून वर चढवावयाचें आणि संध्याकाळीं तें पुन्हां खालीं सोडून वीज घ्यावयाची, अशी ही युक्ति. भिऱ्यास १५० मेगावॅटांचें असें यंत्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच बसलें. २०२३ च्या ऑगस्टांत राज्यशासन व टाटा यांच्यांत आणखी दोन प्रकल्पांचा करार झाला: भिवपुरी येथें १,००० मेगावॅट व शिरवटा येथें १,८०० मेगावॅट. हें तेंच शिरवटा, ज्याचें पाणी १९१५ सालीं खोपोलीच्या नळांत पहिल्यानें सोडलें गेलें.

इकडे घाटाच्या पूर्वेस भीमेच्या खोऱ्यांतील दुष्काळी तालुके विचारूं लागले आहेत कीं आमच्या नदीचें पाणी आणखी किती वर्षें कोंकणांत जावयाचें. कंपनी म्हणते वीज, शेतकरी म्हणतो पाणी. आणि या बाबतींत दोघांचीहि मागणी खरी असल्यामुळें निवाडा कठीण आहे. सह्याद्रीच्या राईंतून नवे रस्ते, नवे बोगदे काढावयाचे तर त्या राईलाहि किंमत आहे, आणि ती बिलांत येत नाहीं.

मुळशीच्या खोऱ्यावर जो १८९४ चा कायदा चालविला गेला, तो स्वराज्य आल्यावरहि साठाहून अधिक वर्षें तसाच चालूं राहिला. २०१३ सालीं संसदेनें त्याच्या जागीं नवा कायदा केला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो अमलांत आला. खासगी कंपनीसाठीं सरकारनें जमीन संपादन करावयाची असेल तर बाधित कुटुंबांपैकीं ऐंशीं टक्के कुटुंबांची संमति आधीं घेतली पाहिजे, असें त्यांत लिहिलें आहे. चर खणण्यापूर्वीं शेताच्या धन्यास विचारावें, एवढें कागदावर येण्यास रामनवमीच्या त्या सकाळीपासून ब्याण्णव वर्षें लागलीं.